साफ केलेला अल्बम

कानाच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या बाईंनी शेजारच्या दोघा काळ्या जॅकेटवाल्यांकडे पाठ फिरवली; कान मात्र तिकडेच ठेवले.

“तुमच्या बँडच्या अल्बममधली सगळी खरखर काढून टाकली बघ.”

“गाढवा, ती माझी गिटार होती.”

“पंक रॉक झालं तरी थोडी शिस्त हवी. आता तुझा शब्द न् शब्द कळतो.”

“कळू नये म्हणून तर बोंबलतो. दहाही गाणी सासऱ्यांवर आहेत.”

“आणि तालीम त्यांच्याच गॅरेजात?”

“राहतोही तिथंच. पहिली प्रत त्यांनाच दिलीस ना?”

“हो. पण त्यांना कुठं ऐकू येतं?”

“मग आपण इथं कशाला आलोय?”

कानामागचं नवं यंत्र चाचपत सासरे बाहेर आले.

“जावईबापू, गाडीतच लावा तुमचा अल्बम. डॉक्टर म्हणाले, घरच्या माणसाच्या आवाजापासून सुरुवात करा.”