दृश्य मात्र छान होतं

...आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, वर शी कशी करता? अहो, मी अंतराळ स्थानकावर राहून आलोय, पृथ्वीभोवती गरागरा फिरत होतो, दिवसातून इतक्यांदा सूर्य उगवायचा की त्याचं कौतुकच संपलं होतं, आणि तुम्हाला पडलंय शीचं. पण तुमचंही चुकत नाही म्हणा, कारण तुम्हाला सांगतो, माझं तिथलं कामच ते होतं. मेकॅनिक होतो मी. कागदोपत्री 'जीवनरक्षक यंत्रणा अभियंता'. म्हणजे हवा, पाणी आणि संडास. यातलं हवा-पाणी आपापलं चालायचं, मग माझ्या वाट्याला काय उरलं ते तुम्हीच समजा.

लोकांना वाटतं अंतराळ म्हणजे शांतता. शांतता कसली... पंखे. सतत पंखे. ते थांबले तर आपलाच सोडलेला श्वास आपल्याच नाकासमोर साचून राहतो, म्हणून पंखे हवेतच, म्हणजे झोपायचं गिरणीत, आणि तेही भिंतीला लावलेल्या पिशवीत स्वतःला बांधून घेऊन, नाहीतर पहाटे कुणाच्या तरी पोटावर डोकं आपटायचं. वास म्हणाल तर इस्पितळ, जळकं लोखंड आणि तीन माणसांचे मोजे, आणि खिडकी उघडायची सोय नाही. पाणी? आपलंच. कालचं. घाम, श्वासातली वाफ, आणि ते दुसरं, सगळं गाळून परत आपल्याच तोंडात. हे ऐकलं की लोक तोंड वाकडं करतात आणि मग म्हणतात, "पण दृश्य काय असेल, नाही?"

होतं ना. दृश्य छान होतं.

तिघं होतो आम्ही. एक कॅप्टनबाई, मोजकं बोलणारी, म्हणजे इतकं मोजकं की तिने "ठीक" म्हटलं तरी आपल्याला बक्षीस मिळाल्यासारखं वाटावं. दुसरा एक शास्त्रज्ञ, तो एका पेटीत पालेभाजी वाढवायचा आणि दिवसभर गुणगुणायचा. गाणं कुठलंच नाही, नुसतं हुं-हुं-हुं. मी त्याचं नावच गुणगुण्या ठेवलं होतं. खाली तो शेजारी राहायला आला असता तर घर बदललं असतं मी. तिथे घर बदलून जाणार कुठे? आणि तिसरा मी, डोकं कायम कुठल्यातरी पाइपात.

खाली घरी बाबा आणि ताई. बाबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आलेले. मी निघालो तेव्हा सगळे हार-तुरे, फोटो करत होते आणि बाबा एवढंच म्हणाले, "वर न्यायला कुणीही नेतं. खाली कोण आणतंय ते विचारलंस का?"

बाबांशी फोन म्हणजे आणखी एक प्रकार. एक तर ते एका कानाने बहिरे, दुसऱ्याने हट्टी. त्यात आमचा आवाज खाली पोचायला जरासा उशीर. मी विचारायचो, "बाबा, कसे आहात?" शांतता. म्हणून परत "बाबा?" म्हणेपर्यंत पहिल्याचं उत्तर यायचं, "बरा आहे." मी म्हणायचो, "औषध घेतलं का?" आणि तोवर त्यांना माझं दुसरं "बाबा?" पोचलेलं, ते वैतागून, "अरे, सांगितलं ना बरा आहे म्हणून!" मग मला वाटायचं औषधाचं विचारलं म्हणून चिडले. असं आम्ही दोघं एकमेकांच्या मागच्या प्रश्नावर भांडत राहायचो, आणि रंगात आलो की स्थानक पुढे सरकायचं आणि लाइन तुटायची.

आमच्या जागी येणारी तुकडी आलीच नाही वेळेवर. त्यांच्या यानात काहीतरी गळत होतं. आमचा मुक्काम वाढला, आणि त्याच सुमारास ताईचा फोन आला. बाबा इस्पितळात होते. हृदय. ताई रडत नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं, कारण ताई एरवी भांडं हरवलं तरी रडते. ती सांगत होती, नर्सने विचारलं, मुलगा कुठे असतो, तर बाबांनी नुसतं बोट वर केलं. नर्स बिचारी म्हणाली, "अरेरे, कधी गेले?" तर बाबा म्हणाले, "गेल्या हिवाळ्यात."

हसलो मी. मग तसाच तरंगत राहिलो.

आता खाली यायचं तर गाडी एकच, आम्हाला घेऊन आलेली, बाहेर जोडून ठेवलेली. आणि नियम असा की एकाने निघायचं तर तिघांनी निघायचं, कारण मागे राहिलेल्याला आगबिग लागली तर पळायला काही नाही. म्हणजे मी निघालो तर दिवे मालवून, स्थानक रिकामं ठेवून, गुणगुण्याची पालेभाजी मरायला सोडून सगळ्यांनी यायचं. मी काही मागितलं नाही. खालच्या कार्यालयातल्या साहेबांनीच फोन केला, त्यांचा तो मऊ आवाज, "आम्ही तुमच्या भावना समजू शकतो." तुम्हाला सांगतो, कुणी भावना समजू शकतो म्हणालं की ओळखावं, काम होणार नाही.

पण कॅप्टनबाईने ते ऐकलं. ती गुणगुण्याकडे वळली, त्याने पेटीकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली, आणि बाई मला म्हणाली, "तू हो म्हण. आपण निघू. साहेबांचं मी बघते." एका दमात तीन वाक्यं ती आधी कधी बोलली नव्हती. मी फोन लावला, ताईने बाबांच्या चांगल्या कानाला धरला, आणि मी सांगितलं, बाबा, येतो मी, तिघंही येतोय.

शांतता. ती उशिराची असेल असं वाटलं, पण लांबली. मग म्हणाले, "मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबवून कुणी घरी जातं का? कामं आवर. मग ये." आणि ताईला म्हणाले, "ठेव आता, त्याला बिल येत असेल."

तुम्हीच सांगा, यावर काय करायचं? गेलो असतो तर त्यांचा शब्द मोडला असता, नाही गेलो तर... आम्ही चार दिवस थांबून बघू असं ठरवलं. डॉक्टरही म्हणाले होते, सुधारणा आहे. ती छानपैकी सुधारणा असतानाच बाबा गेले.

आणि मी कुठे होतो? संडासात. म्हणजे कामाला. ओढणारा पंखा बंद पडला होता, आणि तो बंद पडला की जे खाली जायचं ते कुठेही जातं, कारण 'खाली' नावाची गोष्टच नसते. मी भोकात हात घालून, भोवती नको ते थेंब तरंगतायत, आणि कॅप्टनबाई येऊन म्हणाली, "तुझ्या बहिणीचा फोन होता." पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

मी म्हटलं, एवढं बसवतो. सोडणार कसं? सोडलं असतं तर ते सगळं स्थानकभर झालं असतं. मग मी स्क्रू लावत होतो, गुणगुण्या शेजारी येऊन टॉर्च धरून उभा... उभा कसला, तरंगत. अख्खा वेळ गप्प. एकदाही हुं नाही. तेव्हा कळलं की त्या आवाजाची किती सवय झाली होती. वर रडणंही धड होत नाही हो, पाणी डोळ्यातून ओघळत नाही, डोळ्यावरच फुगून बसतं, काही दिसेनासं होतं, आणि स्क्रू दिसायला हवा. त्याने टॉवेल पुढे केला. तो टॉवेल आम्ही वाळत लावतो, त्यातली वाफ यंत्र ओढून घेतं आणि गाळून पिण्याच्या टाकीत सोडतं. दुसऱ्या दिवशी तिघांनी चहा घेतला. खारट चव काहीच नव्हती. यंत्र चांगलं चालत होतं, मीच दुरुस्त केलेलं.

खाली बाबांना स्मशानात नेलं तेव्हा आम्ही नेमके आमच्या गावावरून जाणार होतो. कॅप्टनबाईने खिडकी मला सोडली. मी कपाळ काचेला टेकवून राहिलो. सगळीकडे ढग होते, पांढरेशुभ्र, कापसासारखे, कडेकडेला सोनेरी.

दृश्य छान होतं. गाव दिसलं नाही.

शेवटी आलो मी परत. पाय धरेनात, सत्काराला खुर्चीतून नेलं, मानेला हाराचं ओझं होत होतं. एका गृहस्थांनी भाषणात म्हटलं, यांनी साऱ्या मानवजातीला जवळून पाहिलं. मी मान हलवली. म्हणजे ती आपोआप हलत होती.

मग घरी. ताईने खोली आवरली नव्हती, माझ्यासाठी ठेवली होती. आम्ही दोघं पलंगावर बसलो. तिने कपाट उघडलं, बाबांचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. मी पाहिला. एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, त्यांनीच बांधली असणार. आणि आता काय सांगू तुम्हाला... वर काय, हातातल्या वस्तूचं काम झालं की ती सोडून द्यायची हवेत, ती राहते तिथेच. सवय लागलेली. मी डोळे पुसायला हात वर नेला आणि चष्मा दिला सोडून.

आवाज झाला. ताई बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे. आता घालणारं कोण आहे."

आणि काचाही तिनेच गोळा केल्या. मला वाकायला डॉक्टरांची मनाई होती.