मशीनचा विसार

काळूराम: सव्वादहाला सिप्रियनने दुकानाचं शटर वर केलं. साडेदहाला मी विसार देऊन मोकळा झालो.

भूपेश: टीव्हीच्या दुकानात कसला विसार, बाबा? आपला टीव्ही चालतोय की.

काळूराम: टीव्हीचा नाय. तुझ्या त्या खेळाच्या मशीनचा. तू नि तुझा तो दोस्त वेदांत फोनवर बोलता ते. नवीन येतंय ना ह्या महिन्यात? प्लेस्टेशन, तीन नंबरचं.

भूपेश: आई, हे खरं सांगतायत?

मीरा: मला काय विचारतोस? सकाळी धुवट सदरा घालून गेले तेव्हाच मला संशय आला. मला वाटलं, कोनाकडे सोयरीक घेऊन चालले.

भूपेश: त्याला प्री-ऑर्डर म्हणतात, बाबा. माल यायच्या आधी ॲडव्हान्स भरायचा.

काळूराम: आम्ही विसार म्हनतो. दहा दिले. बाकीचे तीस मशीन हातात आल्यावर.

भूपेश: चाळीस हजार! माझा तीन महिन्यांचा पगार आहे तो. बाबा, ते मी मुद्दाम घेत नव्हतो. पहिल्या वर्षी हे लोक वाटेल तो भाव लावतात. वर्ष-दीड वर्ष थांबलं की तेच मशीन आपोआप खाली येतं.

काळूराम: आंबा पन येतो. पाऊस लागला की टोपलीला कोन कुत्रं विचारत नाय. मग पहिली पेटी घेनारे येडे काय?

भूपेश: आंबा नासतो. मशीन नासतं का?

काळूराम: मशीन नाय नासत. दिवस नासतात.

मीरा: चाळीस हजारांत म्हैस आली असती. दूध तरी दिलं असतं.

काळूराम: म्हशीबरोबर हा खेळनार हाय का?

भूपेश: पण पैसे आणलेत कुठून?

मीरा: कुठून म्हंजे? जानेवारीत यापारी मोहोर बघून आपल्या झाडांचा विसार देऊन गेला, त्यातले. नवा पंप घ्यायचा होता त्यातून.

काळूराम: जुना चालतोय. लाथ घातली की सुरू होतो.

भूपेश: न बघितलेल्या वस्तूला कोणी दहा हजार देतं?

काळूराम: माझा मोहोर बघून लोक देतात. त्यातला निम्मा वाऱ्यानं गळतो, तरी देतात. आयुष्यभर मी असे पैसे घेतले. एकदा दिले तर काय बिघडलं?

भूपेश: ठीक आहे. सिप्रियन अंकलना मी समजावतो. पैसे परत देतील ते.

काळूराम: नाय. दिलेला विसार मागे घ्यायला आपल्या घरातला कोनी गेला नाय अजून. त्या यापाऱ्याचा एका वर्षी सगळा मोहोर गळाला, तरी आला का तो मागायला?

मीरा: नाय आला. पेढे घेऊन आला होता, पुढच्या वर्षासाठी.

भूपेश: बरं. गेम कुठला सांगितलात?

काळूराम: कुठला म्हंजे? आतच असतील ना. तुझ्या लहानपनी टीव्हीला लावायचा तो डबा आनला होता, त्यात नव्हते का, नऊ हजार नऊशे नव्व्यान्नव खेळ?

भूपेश: त्यातले सात खरे होते, बाबा. बाकी तेच परत परत. ह्याच्यात एकही नसतो. डिस्क वेगळी घ्यावी लागते. एक डिस्क अडीच हजारांची.

काळूराम: एका खेळाला अडीच हजार?

भूपेश: विरार स्टेशनबाहेर शंभराला नकली मिळतात त्या जुन्या मशीनच्या. ह्याला नाही चालत.

मीरा: म्हंजे पावाचे पैसे भरून आले, आता मस्क्याचे वेगळे, सुरीचे वेगळे.

काळूराम: सिप्रियन काय बोलला नाय तसं. मी त्याला एवढंच विचारलं, खोक्यात रिमोट किती? तो म्हनाला, एक. मी म्हटलं, मग दुसरा पन लाव, वरचे पैसे घे.

भूपेश: दुसरा कंट्रोलर? त्याचे तीन हजार आणखी. म्हणजे मशीन आहे, दोन-दोन कंट्रोलर आहेत, आणि गेम एकही नाही. दुसरा कशाला घेतलात? आई खेळणार आहे?

मीरा: मला नको. विचार त्यांनाच.

भूपेश: बाबा?

काळूराम: त्या डब्यात रनगाड्यांचा खेळ होता. आपन दोघं एका बाजूला असायचो.

भूपेश: असायचो. तरी तुम्ही शत्रू सोडून माझाच रणगाडा उडवायचात.

काळूराम: तू मधे यायचास.

मीरा: जेवन गार व्हायचं, पन दोघं हलायचे नाय. मी वायर खेचायची तेव्हा उठायचे.

भूपेश: थांबा. विरारच्या खोलीचं तुम्हाला कळलंय. म्हणून हे चाललंय सगळं.

मीरा: मी नाय सांगितलं. वेदांतची आई बाजारात भेटली. ती म्हनाली, आमचा नि तुमचा मिळून भाड्यानं खोली घेतायत, बरं झालं. मी पन बरं झालं म्हटलं. काय म्हननार?

भूपेश: मी सांगणारच होतो. ऑफिस विरारला आहे. उशीर झाला की घरी पापडीला यायला बस नसते. रोज रिक्षाला किती घालवायचे?

काळूराम: मी कुठे काय बोललो? त्या घरमालकाला विसार दिलास?

भूपेश: नाही अजून. पाच हजार मागतोय. आज संध्याकाळी द्यायचे म्हणून काढून आणलेत.

काळूराम: मग ते बोलनं पक्कं नाय. ज्याचा विसार आधी, त्याची बाग.

भूपेश: मी काय बाग आहे?

मीरा: चोवीस वर्षं पानी घालतोय आम्ही. दुसरं काय म्हनायचं?

भूपेश: बाबा, नुसतं सांगायचं होतं, जाऊ नको म्हणून. चाळीस हजार कशाला घालायचे?

काळूराम: सांगितलं असतं तर तू राहिला असतास. मग रोज त्या खुर्चीत तोंड पाडून बसला असतास. तसं राहून काय उपयोग?

भूपेश: आणि मशीन आणल्यावरही गेलो तर?

काळूराम: तर घेऊन जा. तुझ्या नावानं विसार दिलाय. एक रिमोट तेवढा हितं ठेव.

मीरा: नुसता रिमोट घेऊन काय करनार तुम्ही?

काळूराम: असू दे.

(फोन वाजतो. मीरा उचलते.)

मीरा: हां, बोल सिप्रियन. हायेत, दोघं पन हायेत. हां... थांब, विचारते. तो म्हनतो, म्हाताऱ्याला सांगायचं राहिलं, आत खेळ नसतात. कुठला टाकू? दोन हजारांत देतो म्हनतो, पन रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की त्याला पन खेळायला बसवायचं.

काळूराम: रनगाड्यांचा सांग.

भूपेश: नको. आई, त्यांना सांग, गाड्यांच्या शर्यतीचा. दोघांना एकदम खेळता येईल असा. पडदा मधून अर्धा होतो तसला.

काळूराम: रनगाड्यांचा काय वाईट होता?

भूपेश: शर्यतीत तुम्हाला मला उडवता येणार नाही.

काळूराम: बघू.

मीरा: ऐकलंस ना, सिप्रियन? गाड्यांचा. पैसे? अहो, पैशांचं काय सांगू?

भूपेश: गेमचे मी देतो.

मीरा: कुठले?

भूपेश: खिशात आहेत त्यातले.

मीरा: देतो म्हनतोय भूपेश. हां. हां. बरं, ठेवते.

काळूराम: मग त्या घरमालकाला काय देशील? पाचातले तीनच उरले.

भूपेश: त्याला फोन करतो, आज येत नाही म्हणून. रविवारपर्यंत थांबतो म्हणाला होता, त्यानंतर दुसऱ्याला देणार.

काळूराम: आनि मशीन? मशीनचं काय म्हनाला सिप्रियन?

मीरा: माल भिवंडीच्या गोदामात आलाय म्हनाला. शनिवारी पापडीला पोचेल, नायतर रविवार उलटल्यावर, सोमवारी.