मोरीचं तेल

दिघीच्या धक्क्यावर खाडीपलीकडे नेणाऱ्या मचव्याची वाट बघत बसलेल्या बायजाकडे माणसांआधी मोरी माशाच्या तेलाचा वास आला, मागून बदरुद्दीन नाखवा आणि त्याचा खलील. दोघं मिळून एक मोटारसायकल ढकलत होते. खलीलनं ती मुंबईहून जुनी आणून हातानं दुरुस्त केली होती, हे गावाला ठाऊक होतं.

"अब्बा, तेल कुनी चोळलं हिला?"

"मी. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकतं व्हय? होडीला दरसाल चोळतोच की."

"आज काशीदच्या वाळूत शर्यत हाय."

"म्हनून तर चोळलं."

"चाकाच्या डब्यात पन?"

"तितं तर वाटीभर ओतलं."

"तितंच ब्रेक असतो, अब्बा. आता ही थांबनार कशी?"

"होडीला कुठं असतो ब्रेक?"

"तुमीच म्हनाला होता, या भंगाराला हात लावनार न्हाय."

"म्हनालो होतो."

खलील चाकाजवळ वाकला. नाखवा त्याच्या शेजारी बसला.

"मग आता?"

"डबा उघडून पेट्रोलनं पुसतो. मचवा येईस्तो होईल."

"आन इकडं फडकं. एक चाक माझं."

बायजानं आपली मासळीची पाटी सरकवून त्यांना सावलीत जागा दिली.

"खलील, शर्यतीत मागं मानूस बसवतात?"

"न्हाय, अब्बा."

"मग येताना बसेन."