गोऱ्या लेकराची तीट

कोहमाऱ्याच्या बसथांब्यावर ओमेश्वरी तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी मूर्तिकार देवीदास, त्याची बायको कलाबाई आणि गोधडीत गुंडाळलेली, भिंतीवर टांगायची मूर्ती. कलाबाईनं गोधडीचं टोक उचलून नवऱ्याला विचारलं. ओमेश्वरीला कान थोडेच झाकता येणार!

"चर्चच्या सिस्टरनं फोटोत संगमरवराची मेरीमाय अन् लेकरू दाखवलं. तुमी तिले हिरवं लुगडं नेसवलं जी?"

"अवं, इटलीतही गरिबाच्या घरी पिलास्टरचीच राहे, रंगवलेली. सिस्टरच म्हणली."

"लुगडं म्हणली का?"

"रंग म्हणली. कोणता, थे नाही म्हणली."

"अन् तोंड काऊन माह्या बहिणीसारखं?"

"तुह्यासारखंच काढून राहिलो होतो. तू हसून हसून हालत होती."

"आताही हसूनच राहिली! सिस्टरनं वापस केली तं?"

"तुह्या बहिणीले देऊ."

"थांबा जी! एवढं गोरं लेकरू, अन् तीट नाही लावली?"

"अरे बापा! रंगाचे डबे तं घरीच राहिले."

"अन् नजर लागली तं? पिलास्टरले तडा जाईन!"

तेवढ्यात बस आली. ओमेश्वरीनं आपल्या पोराच्या गालावरचं काजळ बोटावर घेतलं आणि गोधडीत हात घातला.

"कोणत्या गालाले लावू, बाई?"