दारावरची घोडी

इंग्लंडातल्या ॲपलबीच्या घोड्यांच्या जत्रेत आम्हा भटक्या रोमानी लोकांची नळावर रांग लागली होती. माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याची लेक होती.

"बा, कालपण तंबूतच झोपलास?"

"जमिनीवर पाठ बरी राहते."

"तीन वर्षं खपले मी त्या राहत्या घोडागाडीसाठी. गोठ्यात सडत पडलेली, चाकं नवी घातली, सोन्याचा वर्ख चढवला, दारावर तुझी घोडी कोरली. अख्खी जत्रा बघून जाते आणि तू आत पाय ठेवत नाहीस."

"बाहेरून बघतो की."

"आतला पलंग तुझ्या मापाचा केलाय."

"पोरींना झोपव त्यावर."

"आवडली नसेल तर तसं सांग."

"व्हॅश्टी, तुझी आजी गेली तेव्हा तिच्या गाडीचं काय केलं आपण?"

"जाळली. माणूस गेलं की त्याची गाडी जाळायची, रीतच आहे ती."

"काडी मी लावली होती. माझ्या बापाच्या हातचं कोरीव काम होतं तिच्यावर. अर्ध्या तासात राख."

"त्याचं आता काय?"

"मला शहाऐंशी झाली. तुझ्या गाडीत राहायला लागलो, की ती माझी झाली."

"म्हणून तंबूत कुडकुडतोस होय?"

"तसं कुठे म्हणालो मी?"

"जाळू की मग. हात आहेत मला, दुसरी कोरीन. आज आत झोपायचं."

"बरं."

"नुसतं बरं नको."

"झोपतो म्हटलं ना. आणि दुसरीवर घोडीचे कान तेवढे नीट कोर. हिचे गाढवाचे झालेत."