माळेवाडीचा हुरडा

सभेचे अध्यक्ष विठ्ठलराव देशमुख, व्यासपीठावर विराजमान झालेले तहसीलदारसाहेब, माझे जुने सोबती पेशकार बद्रीनाथराव, गावोगावहून आलेले पाटील, पटवारी आणि काश्तकार मंडळी, तसेच खांबापलीकडे बसलेल्या मायबहिणी, आपणां सर्वांना माझा आदराचा नमस्कार.

अठ्ठावीस वर्षे गिरदावर म्हणून मी या शिवारांत घोड्यावरून पिकांची पाहणी करीत फिरलो. त्याबद्दल आपण मला शेला दिलात, मानपत्र वाचलेत. मानपत्र फारच सुरेख उतरले आहे; देशमुखांच्या कारकुनाचा हात गोड आहे. त्यात एक वाक्य आले, 'साहेबांनी माळेवाडीचा हुरडा गोड मानून घेतला.' आपण टाळ्या वाजवल्यात. माझी मान मात्र खाली गेली. का गेली, ते सांगितल्याशिवाय मला इथून उठवणार नाही.

चौदा वर्षांपूर्वी माघात गारपीट झाली. माळेवाडीची ज्वारी मातीत निजली. सरकारातून सारामाफी आणि बियाण्याला तगाई मिळायची होती, ती माझ्या रिपोर्टावर. मी गेलो. ऊन चढले होते. म्हाळू पाटलांनी चिंचेखाली घोंगडी अंथरली, आगटी पेटवली आणि कोवळा, हिरवागार हुरडा पुढे केला. तोंडी लावायला तिळाची चटणी, वर ताक. माघात अंमलदार आला आणि हुरड्याशिवाय गेला, तर गावाला खाली बघावे लागते, ही आपल्याकडची रीत. ती मला ठाऊक नव्हती का? चांगली ठाऊक होती. पण मी पोटभर खाल्ले, तिथेच डुलकी काढली, आणि शिवारात पाऊल न टाकता लिहिले, 'पीक साबूत. हुरडा समक्ष खाल्ला.'

माफी आली नाही, तगाईही नाही. सारा थकला म्हणून पाटलांचे ओढ्याकाठचे रान जप्त झाले. तेव्हा ते कचेरीत आले. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, त्यो हुरडा आमच्या रानातला न्हवता. बायकोच्या माहेराहून, वडवणीकडून गाडी धाडून आणलता. तुमी दारात आल्यावर उपाशी कसं लावून द्यावं?"

मंडळी, त्या दिवशी रिपोर्ट दुरुस्त करता आला असता. पण वरून जाब येईल, बढती अडेल, या भीतीने मी त्यांना म्हटले, कागद गेला, आता इलाज नाही. ते खोटे होते. पुढे पाटील वारले. त्यांच्या पत्नी कडूबाई यांनी रान परत मिळावे म्हणून तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा एकच जबाब लिहिला गेला, की पीक साबूत असताना सारा का भरला नाही? त्या जबाबाखाली माझाच रिपोर्ट जोडलेला होता. मला लाज वाटते. पाठ थोपटून घेताना तर फारच वाटते.

आज सकाळी मी माळेवाडीला गेलो होतो. कडूबाईंच्या उंबऱ्यापाशी उभा राहून माफी मागितली. त्यांनी पाणी दिले, बसायला पाट दिला. मग म्हणाल्या, "आदी कागद द्या, साहेब. माफीचं मागून बगू."

तहसीलदारसाहेब, हा तो कागद. मी पाहणी न करता खोटा रिपोर्ट लिहिला, असे यात माझ्या सहीनिशी कबूल केले आहे. आपल्या मुलाहिज्याला सादर करतो. यामुळे माझे पेन्शन अडले तर अडू द्यावे. ते रान मात्र अडू नये. अध्यक्षमहाराज, हा शेला तोवर आपल्यापाशी राहू द्या.

आपण सर्वांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल, तर ते पोटात घालावे. माळेवाडीचे मात्र कुणी पोटात घालू नये. कडूबाई त्या तिसऱ्या खांबापाशी बसल्या आहेत, आणि त्यांनी अजून मला माफ केलेले नाही.