वर जाणारा डेक

भाची : …दोरी बांधायचे खुंट सहा, खिडक्या चार, झाकणं दोन आणि स्क्रू एकशे बेचाळीस. मामा, या बोटीच्या डेकला एकशे बेचाळीस भोकं आहेत.

मामा : भोकं कुठली? त्यात स्क्रू आहेत की.

भाची : स्क्रूच्या कडेनंच पाणी मुरतं. वर-खाली फायबरग्लासचा पातळ थर, मध्ये लाकूड. लाकूड कुजलं तरी वरून चकचकीतच दिसणार.

मामा : कलप लावल्यासारखं. कळलं, घरचाच अनुभव आहे. मग ठोकून काय निघालं?

भाची : अख्खा डेक ठोकला. टक्क वाजलं तर लाकूड ठीक, ढब्ब वाजलं तर गेलं. ढब्ब एकदाच वाजलं.

मामा : कुठे?

भाची : माझ्या गुडघ्यावर.

मामा : म्हणजे पास! लावू मामीला फोन?

भाची : थांब. ‘भाची हो म्हणाली तरच बोट’ असं मामीनं बजावलंय. आता डेक किती वाकतो ते मोजायचं. तीन मिलिमीटरच्या आत वाकला, तर माझं हो.

मामा : आणि जास्त वाकला तर?

भाची : तर नाही.

मामा : बरं बाई. आयुष्यभर लोकांचे डोळे तपासले, पण एवढा वेळ कुणाला ताटकळत ठेवलं नाही.

भाची : आणि ती कॅप्टनची टोपी काढ. बोट घ्यायच्या आधी टोपी घेणारा तू पहिलाच असशील.

मामा : टोपी माझ्या मापाची मिळाली गं. बोटीचं तसं सांगता येत नाही.

भाची : मी खाली केबिनमध्ये जाते. ही लांब पट्टी जमिनीवर उभी करते. तिच्या वरच्या टोकापासून डेकपर्यंत जी फट उरते, ती तू वर उभा राहिल्यावर किती कमी होते ते बघायचं. शहाण्णव किलो ना?

मामा : चहाच्या आधी.

भाची : हां, राहा उभा!

मामा : राहिलो. किती कमी झाली?

भाची : सहा मिलिमीटर… वाढली.

मामा : वाढली?

भाची : तू उभा राहिलास की डेक वर जातोय.

मामा : इतकं हलकं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

भाची : परत राहा. …परत सहा. एम.एस्सी. झालेय मी, मामा, आणि तुझं वजन उणे काढून दाखवतेय.

मामा : मामीला हाच आकडा कळव.

भाची : तू शिडीवर जा बघू. डेकवर पाऊलसुद्धा नको.

मामा : गेलो.

भाची : मी पट्टीजवळ जाते… सहाच. अरे देवा!

मामा : आता काय?

भाची : डेक हललाच नाहीये. तो ठणठणीत आहे. आधीची फट मी लांब बाकावरूनच वाचली होती; नंतर आकडा वाचायला मी पट्टीजवळ जाते आणि केबिनची जमीन दबते. पट्टीसकट, माझ्यासकट.

मामा : तू तर छप्पन्न किलोची.

भाची : पट्टी ज्यावर टेकवलीय ते हलत नाही ना, हे आधी बघायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे ओरडून शिकवते.

मामा : गालिच्यामुळे असेल. नवाकोरा आहे, दबणारच. मालक म्हणाला, कालच घातलाय.

भाची : कालच?

मामा : …हो. कालच. मी ‘वा!’ म्हणालो होतो.

भाची : ये खाली. बाहेरच्या पायरीवर थांब, जमिनीवर उतरू नकोस. गालिचा गुंडाळलाय. पट्टी आता वरून डेकला चिकटवली, डेकवर भरवसा आहे. खालचं टोक जमिनीला जेमतेम टेकतंय. मी बाकावर पाय वर घेऊन बसते. तू पट्टीशेजारी उभा राहिलास की तिच्याखाली जी फट पडेल, ती मोजायची.

मामा : तू मोजणार?

भाची : मी मोजते. तू नुसता उभा राहा.

मामा : नको. ती छोटी पट्टी दे इकडे. आणि ही टोपी धर.

भाची : टोपीच्या वजनानं काही फरक पडत नाही, मामा.

मामा : धर तरी.

भाची : सावकाश. चष्मा आहे ना?

मामा : चष्मेवाल्याला विचारतेस?

(मामा जमिनीवर उतरतात. लाकूड बारीक करकरतं.)

भाची : मामा? किती?

मामा : सतरा मिलिमीटर.